वडिलांची लाठी, रूळ आणि बक्कल: सुताराकडे देण्याआधी

आधी ताईंचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताई चिपळूणच्या. वडील पोलीस खात्यातून १९९४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. घर आवरताना त्यांच्या वस्तू निघाल्या: पाच फुटांची बांबूची लाठी, दोन फुटांहून थोडा आखूड काळपट लाकडी रूळ (म्हणजे पोलिसाचा आखूड दांडका), चामडी पट्टा, नंबराचं पितळी बक्कल, शिट्टी आणि पितळी मुठीची एक काठी. जुलै २०२१ मध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा हे सगळं भिजलं होतं. वस्तूंचे फोटो ताईंनी सोबत पाठवले आहेत. ओळखीचा सुतार म्हणतो, घासून पॉलिश मारतो, नव्यासारखं होईल. शेजारचे काका म्हणतात, असलं काही घरात ठेवायला लायसन्स लागतं. इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेला भाऊ म्हणतो, रूळ मला पाठव. आणि अगदी शेवटी ताईंनी एकच ओळ लिहिली आहे: ‘बाबांनी याने कुणाला मारलं असेल का, हे मनातून जात नाही.’

ताई, मी सत्तावीस वर्षं जुन्या लाकडी आणि धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करतो. पहिली एकोणीस वर्षं एका संग्रहालयात गेली, नंतर पुण्यात स्वतःचं सुरू केलं. माझे मामा पोलिसात होते, त्यामुळे त्यांच्या ओळखीतून निवृत्त शिपाई-हवालदारांच्या ट्रंका माझ्याकडे येत राहिल्या आणि हे कामाचं एक वेगळं दालनच झालं. त्या अनुभवावरून सांगतो. तुमचे पहिले तीन प्रश्न व्यवहाराचे आहेत, त्यांची उत्तरं देता येतात. चौथा खरा आहे. आणि पहिला प्रश्न चौथ्याला जोडलेला आहे, म्हणून सर्वांत आधी एक काम करा: सुताराला फोन करून थांबवा.

का ते तुमच्याच फोटोंवरून दाखवतो. दुसऱ्या फोटोत लाठीचं वरचं टोक बघा. टोकापासून चार बोटं बांबू तुकतुकीत झाला आहे, मधासारखा रंग आलाय. तिथे दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कधी वर हनुवटी टेकून, माणूस तासन्‌तास उभा राहिलेला आहे. बंदोबस्ताची झीज अशीच असते. आता मधला भाग. साधारण दीड फुटाच्या अंतराने दोन पट्टे उजळ दिसतात. लाठी आडवी, दोन्ही हातांत धरून गर्दीला मागे सारताना हात पडतात ते तिथे. गणपती विसर्जनाला पोलीस अशी साखळी धरतात, ती तुम्ही पाहिली असेल. आणि तळाचं टोक: शेंबीच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपणाच्या) वर बांबूचे तंतू किंचित फुलले आहेत, शेंबीचा पत्रा एका बाजूने जास्त झिजलाय. रात्रगस्तीला चालताना लाठी जमिनीवर आपटत जायची पद्धत होती, तो आवाज म्हणजे चोराला इशारा आणि झोपलेल्यांना दिलासा. एका बाजूची झीज सांगते की बाबा लाठी एकाच हातात, एकाच तिरक्या कोनात धरून चालायचे. ते उजवे होते की डावरे, हे घरात कुणाला तरी आठवत असेल. ताडून बघा.

सँडपेपरचे चार हात फिरले की हे सगळं दहा मिनिटांत जातं. बांबूची ताकद आणि चमक दोन्ही त्याच्या वरच्या सालीत असते. ती साल केसभर जाडीची. ती एकदा खरवडली की खाली पांढुरकं, रेषाळ, मुकं लाकूड राहतं. त्यावर टचवुडसारखं लाकडाचं पॉलिश मारलं की ते दुकानातल्या नव्या काठीसारखं दिसेल, कारण ती तेव्हा खरोखर दुकानातली नवी काठीच झालेली असेल.

आता पुराचं. पुराचा गाळ ही बाबांच्या नोकरीची खूण नाही, तो काढायला हरकत नाही, उलट काढायलाच हवा. गाळात क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. आधी कोरडा, मऊ ब्रश. दाढीचा जुना ब्रश उत्तम. मग घट्ट पिळलेलं सुती फडकं, एका वेळी वीतभर जागा, लगेच कोरड्या फडक्याने पुसायची. साबण नको. वाळवायची ती सावलीत, वारा असेल तिथे, दोन ठिकाणी खाली आधार देऊन आडवी. उन्हात ठेवली तर उभी चीर जाईल. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर वर्षभरात बाक येईल. आधीच असलेल्या चिरा तशाच राहू द्या. त्यात एम-सील, फेव्हिकॉल काही भरू नका. बांबू ऋतूप्रमाणे आक्रसतो, फुगतो. भरलेला पदार्थ हलत नाही, मग तीच चीर पुढे पळते.

बांबूचा मोठा शत्रू भुंगा. कोवळ्या किंवा चुकीच्या हंगामात तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं, ते त्याचं खाणं. लाठीखाली काळा कागद पसरा, लाठीवर हलक्या हाताने टिचक्या मारा आणि तो कागद रात्रभर तसाच ठेवा. सकाळी मैद्यासारखं पीठ दिसलं तर आत कीड जिवंत आहे. नुसती टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत पण पीठ नाही, तर ती जुनी गोष्ट, काळजी सोडा. जिवंत असेल तर घराबाहेर, हातमोजे घालून, इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात लाकूडकिडीवरचं औषध थेंबथेंब सोडायचं आणि लाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पंधरा दिवस बाजूला ठेवायची. रुळाला कीड असेल तर काम सोपं आहे. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लाकडावर बाष्प धरेल. कुणीतरी मासळीवाला किंवा आइस्क्रीमवाला ओळखीचा निघतोच.

तेलाचा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. लाठीला तेल पाजायचं असतं ना? हो, वापरातल्या लाठीला पाजायचं असतं. जुने लोक मोहरीचं किंवा अळशीचं तेल लावून ठेवायचे, कारण कोरडा बांबू धक्क्याने तडकतो. पण तुमच्या लाठीला आता धक्के खायचे नाहीत. खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होतं, धूळ पकडतं, पावसाळ्यात त्यावरच बुरशी बसते. अळशीचं तेल वाळतं खरं, पण त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, कामाच्या टेबलाखालच्या बादलीतून धूर निघताना. म्हणून तेल नकोच. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेला अगदी पातळ हात, तोही वर्षातून एकदा, पुरे.

तुमची लाठी कोणत्या बांबूची, हे फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. लाठीला भरीव बांबूच लागतो. विदर्भाच्या जंगलात तो मानवेल. तुमच्या कोकणात आणि गोव्यात माणगा. कापलेलं टोक पाहिलं, पेरांमधलं अंतर मोजलं तर अंदाज येईल. जर माणगा निघाला तर ती लाठी बहुधा खात्याची नसून बाबांनी आसपासच स्वतः निवडून तासून घेतलेली असेल. बरेच जण तसं करायचे. खात्याची लाठी हाताला बसली नाही तर स्वतःच्या पैशाने मनासारखी करून घ्यायची. हा तपशील पुढे कायद्याच्या बाबतीतही उपयोगी आहे.

रुळाबद्दल थोडं. आकार बघून तो कातीव आहे हे दिसतं, म्हणजे चरकावर धरून उतरवलेला, मुठीशी गोल खाचा. शिसवीसारखं जड लाकूड वाटतं. त्याचा काळेपणा वरून लावलेल्या रंगाचा नाही. घाम, हाताचं तेल आणि धूळ वर्षानुवर्षं बसून तो आलाय. तो घालवू नका. मुठीच्या भोकातली चामडी वादी तुटायला आलीय, ती बदलू नका, फक्त तिच्यावर भार येऊ देऊ नका, म्हणजे रूळ वादीने खिळ्याला टांगू नका. मुठीच्या बुडाशी किंवा टोकावर भिंगातून बघा, कधीकधी ठोकलेला नंबर सापडतो. आणि एक तपासणी जरूर करा: रूळ मधोमध बोटावर तोला. एक टोक अवास्तव जड लागलं आणि त्यावर पांढरी भुकटी दिसली तर आत शिसं असू शकतं. खात्याच्या रुळात ते नसायचं, पण खासगीत कुणी कुणी भरून घ्यायचे. ती भुकटी विषारी असते. मुलांच्या हाती देऊ नका, हात धुवा आणि मला कळवा.

बक्कल. इथे मी केलेली चूक सांगतो, कारण तीच चूक घरोघरी होते. संग्रहालयात नवा असताना एका कुटुंबाने दिलेलं बक्कल मी चिंच-मिठाने घासलं. पितळ लखलखलं. पण त्यावरचा नंबर तीस वर्षांच्या रोजच्या चकाकीने आधीच इतका उथळ झाला होता की तो फक्त खाचेत बसलेल्या काळेपणामुळे वाचता येत होता. तो काळेपणा मी काढला आणि शेवटचा आकडा सात होता की एक, हे पुन्हा कधीच कुणाला सांगता आलं नाही. त्या माणसाची मुलं तेव्हा लहान होती, नंबर त्यांना माहीत नव्हता. मी त्यांच्या घरी जाऊन झालेलं सांगितलं. त्यांच्या आईने एवढंच विचारलं, ‘म्हणजे आता हे कुणाचंही असू शकतं?’ त्या वाक्यानंतर मी आजवर एकही नंबर असलेली वस्तू फोटो काढल्याशिवाय हातात धरलेली नाही.

तेव्हा तुम्हीही आधी फोटो काढा. खोली अंधारी करून टॉर्च बक्कलाच्या कडेने, अगदी सपाट धरा. उथळ आकडेही सावलीने उठून दिसतात. वेगवेगळ्या बाजूंनी चार-पाच फोटो घ्या. मग अक्षरांच्या खाचेत पॉलिशची पांढरी पुटं असतील तर ओलसर लाकडी टूथपिकने हळूच काढा. पुराचा हिरवा गंज असेल तर तेवढ्याच जागी काम करा. बाकी पृष्ठभाग मऊ कापडाने पुसा. एक मोकळेपणाने सांगतो: परेडच्या सकाळी बक्कल चकाकवणं हा बाबांच्या नोकरीचाच भाग होता, त्यामुळे ते कायम काळंच राहिलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. आईंना ते उजळ बघायचं असेल, तर एकदा, सौम्य हाताने, नंबराची जागा सोडून करा. फक्त दर दसऱ्याला नको. आणि बदली होऊन घटक (म्हणजे जिल्हा किंवा आयुक्तालय) बदलला की बक्कल नंबरही बदलतो, हे ध्यानात ठेवा. बाबांच्या सेवापुस्तकाची किंवा निवृत्तिवेतनाची कागदं असतील तर त्यातल्या नंबराशी ताडा. जुळला नाही तर घाबरू नका, आधीच्या घटकातला असेल.

पट्ट्याच्या रिव्हेटांभोवती हिरवं मेणचट काही दिसतंय ते बुरशी नाही. पितळातलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांचं मिळून ते होतं. इअरबडला थोडं टर्पेंटाइन लावून टिपून घ्या. चामड्याला तेल, बूटपॉलिश लावू नका. पट्टा गुंडाळू नका, सरळ ठेवा. शिट्टी बिनगोटीची असेल, नळीसारखी, दोन खाचांची. तसली शिट्टी १८८०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनने लंडनच्या पोलिसांसाठी बनवली आणि मग जगभर गेली. तिच्यातून दोन स्वर एकाच वेळी, किंचित बेसूर निघतात, म्हणून ती गोंगाटातही लांब ऐकू येते. बनावटीचं नाव अंगावर कोरलेलं असतं, वाचून बघा. वाजवायचा मोह होईल, पण आत पुराचा गाळ आहे. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळून, कापडावर उपडी ठेवून दोन दिवस वाळवा.

आता लायसन्स. मी वकील नाही, पण या कामात हा भाग टाळता येत नाही म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच म्हटलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू, जसं लाठी किंवा साधी हातातली काठी, त्यात येत नाहीत. लाठी हा शब्द कायद्यात जसाच्या तसा आहे. काकांना सांगा. रूळ घरात आठवण म्हणून ठेवला म्हणून कुणाला परवाना मागितल्याचं माझ्या इतक्या वर्षांत घडलेलं नाही. घराबाहेर नेण्याची गोष्ट मात्र वेगळी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश लागू असतो तेव्हा सोटे, काठ्या, लाठ्या बाळगण्यावरही बंदी घालता येते, आणि सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश वरचेवर निघतात. तेव्हा शाळेच्या प्रदर्शनाला किंवा कार्यक्रमाला न्यायची असेल तर आधी ठाण्यात विचारा.

वस्तू कुणाची, हा जास्त नाजूक मुद्दा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचंच कलम ३० सांगतं की नोकरी सुटल्यावर खात्याने दिलेली शस्त्रं, साहित्य, कपडे परत करायचे. मात्र वरिष्ठांच्या आदेशाने जी वस्तू त्या माणसाची झालेली असते तिला हे लागू नाही. तुमच्या घरच्या कोणत्या वस्तू खात्याच्या, कोणत्या निर्लेखित (खात्याच्या नोंदीतून काढून टाकलेल्या) आणि कोणत्या बाबांनी विकत घेतलेल्या, हे आज वस्तूकडे बघून ठरत नाही. मी लोकांना एक साधी गोष्ट सुचवतो: वस्तूंचे फोटो लावून पोलीस अधीक्षक कार्यालयाला एक पानी अर्ज द्या, ‘वडिलांची आठवण म्हणून जवळ ठेवू इच्छितो’ असं लिहा आणि पोच घ्या. माझ्या ओळखीत ज्यांनी तसा अर्ज दिला त्यांना आजवर कुणी त्रास दिलेला नाही, आणि त्यांच्या मनातलं ओझं मात्र उतरलं. गणवेश असेल तर तोही ठेवता येईल, पण अंगावर घालून कुणाला पोलीस असल्याचं भासवलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. नातवंडांना हौसेने घालून रस्त्यावर पाठवू नका. आणि ट्रंकेच्या तळाशी कुठे काडतूस सापडलं, अगदी एक जरी, तर ते आठवण म्हणून ठेवू नका. त्याच दिवशी ठाण्यात नेऊन द्या.

पितळी मुठीच्या काठीबद्दल मला काळजी आहे. चौथ्या फोटोत मुठीखाली एक बारीक रेघ दिसते. ती जोड असेल तर ती गुप्ती असू शकते, म्हणजे आत पातं. मूठ ओढून, पिळून उघडायचा प्रयत्न करू नका, पुरात गंजलेलं पातं झटक्यात बाहेर येतं. मात्र ती खरंच गुप्ती असेल तर ती साधी काठी उरत नाही. शस्त्र नियमांच्या यादीत तलवारींबरोबर गुप्तीचाही उल्लेख आहे. चिपळूण ठाण्यात जा, मूठ न उघडता दाखवा, वडील खात्यातले होते हे सांगा. नुसती काठी निघाली तर घरी घेऊन या, मग तिचीही काळजी कशी घ्यायची ते सांगेन.

भावाचं म्हणणं मला समजतं. परदेशात बसून वडिलांची एक तरी वस्तू हाताशी असावी असं वाटणारच. पण रूळ नको. इंग्लंडमध्ये सरळ दांडक्याचा पोलिसी रूळ आयात करायला आधीपासून बंदी आहे, आणि १४ जुलै २०२१ पासून २०१९च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स अ‍ॅक्टमुळे तो स्वतःच्या घरात ठेवणंही गुन्हा झालाय. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर तिथे सूट आहे. पण शंभर वर्षांची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे शंभरीच्या आतला तिकडे चालत नाही आणि शंभरीपलीकडचा इकडून सुटत नाही. भावाला बक्कल द्या. खरं तर बक्कलच द्या. त्यावर बाबांचा नंबर आहे, ते तळहातावर मावतं, आणि विमानतळावर कुणी हरकत घेणार नाही. नंबराचे फोटो मात्र स्वतःकडे ठेवा.

आता तुमची शेवटची ओळ.

वर मी झिजेवरून इतकं सांगितलं, पण याचं उत्तर लाठी देणार नाही. अंगावर बसलेल्या फटक्याची खूण बांबूवर उरत नाही. बांबू कठीण, अंग मऊ. ती लाठी सांगते की बाबा कुठे उभे राहिले, किती चालले, गर्दी कशी धरली. कुणाला मारलं का, हे ती सांगत नाही. याचा अर्थ मारलं नाही असा घेऊ नका, आणि मारलंच असाही घेऊ नका.

मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. लाठीचा इतिहास दोन्ही आहे. २१ मे १९३० ला धरासना इथे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सुरत जिल्ह्यात, मिठाच्या सत्याग्रहींवर लोखंडी शेंबीच्या लाठ्या चालल्या. माणसं हात वर न करता रांगेने पुढे जात होती आणि कोसळत होती. मारणारे हात आपल्याच माणसांचे होते. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठीशिवाय काही नव्हतं. समोर एके-४७ होती. त्यांनी तिची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. दोन्ही वेळी हातात तीच बांबूची लाठी होती.

माझ्या मामांची लाठी माझ्याकडे आहे. ते जाण्याच्या दोन वर्षं आधी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही विचारताय तोच प्रश्न. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लाठीमार झाला तेव्हा एक पोरगं खाली पडलं. पंधरा-सोळाचं असेल. मी थांबायला पाहिजे होतं, दोन फटके जास्त पडले.’ आणि लगेच, जणू तोच विषय पुढे चालू असल्यासारखे, म्हणाले, ‘त्याच लाठ्यांना घोंगडी बांधून एका बाळंतिणीला ओढ्यापलीकडे नेली होती आम्ही.’ मी त्यांना विचारलं, हे दोन्ही लिहून ठेवू का? मामी नको म्हणाली. मामा म्हणाले, लिही. लाठीला बांधलेल्या चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेलं आहे, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून.

बाबांना आता विचारता येणार नाही. पण त्यांच्याबरोबरचे कुणी असतील. १९९४ च्या आसपास निवृत्त झालेले आज नव्वदीच्या घरात असतील, त्यांच्या हाताखालचे शिपाई सत्तरीत. निवृत्तांच्या बैठका होतात तिथे चौकशी करा, बक्कलाचा फोटो दाखवा. नंबर बघून माणसं बोलायला लागतात, मी हे अनेकदा पाहिलंय. जाताना लाठी नेऊ नका, तिचा फोटो न्या. विचारताना ‘बाबांनी कुणाला मारलं का’ असं सुरू करू नका. ‘बाबांबरोबर रात्रगस्तीला कोण असायचं’ एवढं विचारा आणि बोलू द्या. जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत त्याच दिवशी लिहा. चांगलं तेवढंच नाही.

चिठ्ठीसाठी साधा जाड कागद, पेन्सिल. शाई पावसाळ्यात पसरते. मळखाऊ रंगाच्या सुती दोऱ्याने लाठीला सैल बांधायची, सेलोटेप चिकटवायची नाही, तिचा डिंक बांबूत मुरतो. वर बाबांचं नाव, बक्कल नंबर, नोकरीची गावं. खाली कोणी काय सांगितलं आणि कधी. ‘२०२१च्या पुरात भिजली’ हेही लिहा. खाली जागा मोकळी सोडा.

काळ्या कागदावर पीठ पडलं की नाही ते आणि मुठीखालच्या रेघेचा जवळून घेतलेला फोटो एवढं पाठवा, म्हणजे पुढचं सांगतो.